तुटलेल्या कुलपाचा फोटो

निवृत्ती अवचार या माणसाला जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस येते, आणि पोटासाठी त्याला नेमक्या त्याच निम्म्या गोष्टींचे फोटो काढावे लागतात. जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर त्याचं दुकान आहे, बायकोच्या नावाचं, ‘पुष्पांजली फोटो’. बावीस वर्षं झाली. नवरदेव आला की त्याच्या अंगावर धूर सोडणारं ते यंत्र, कॅमेरा दिसला की तोंडातला घास तसाच धरून हसणारे मामे, लग्नाच्या आधीच लोणारच्या काठावर जाऊन गुडघे टेकणारी जोडपी, यातला कुठलाही विषय काढा, निवृत्ती कडू औषध घेतल्यासारखं तोंड करतो आणि म्हणतो, "लोकाले लगन नाई पाह्यजे भाऊ. लोकाले फक्त फोटो पाह्यजे."

काम मात्र चोख. लग्नाला तो वऱ्हाडाच्या आधी पोहोचतो, आहेराच्या रांगेत म्हाताऱ्यांना उभं ठेवत नाही, आणि जेवण मिळालं नाही तरी त्यावरून कधी कुरकुरत नाही. त्यामुळे जळगाव आणि संग्रामपूर या दोन्ही तालुक्यांत त्याला कामाची ददात नव्हती. नव्हती, म्हणजे गेल्या वैशाखापर्यंत.

विम्याचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते लक्ष्मीकांत वैद्यांनी. हे गृहस्थ आधी एका शाळेत बाबू होते, आता विम्याचं काम करतात आणि माणूस भेटला की त्याच्या तब्येतीऐवजी त्याच्या सामानाची चौकशी करतात. त्या वर्षी निवृत्तीच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरची बॅग एसटीच्या वरच्या फळीवरून चोरीला गेली होती. ती बातमी घेऊन लक्ष्मीकांत दुकानात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "निवृत्तीभाऊ, कॅमेरा म्हणजे तुमचे हात आहेत. हातांचा विमा नको का?"

निवृत्तीला पटलं. कंपनीला सामानाचे फोटो हवे होते, म्हणून त्यानं दुकानात पांढरी चादर अंथरली आणि दोन्ही कॅमेरे, तिन्ही लेन्स, फ्लॅश, सगळं एकेक करून मांडलं. प्रत्येकाचा नंबर नीट वाचता येईल असा उजेड घेतला. त्या दुपारी तो खुशीत होता, असं पुष्पांजली सांगते. एक तर वस्तू हलत नव्हत्या, आणि त्यातली एकही म्हणत नव्हती की दादा, मले जराशी गोरी करजा. कागद आले ते वीस-बावीस पानांचे, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचे. लक्ष्मीकांतांनी त्यावरून बोट फिरवलं. "चोरी आली, हरवणं आलं, पडणं-फुटणं आलं. सगळं येतं. इथे सही करा." निवृत्तीनं सही केली. बावीस पानं वाचणारा माणूस लग्नाचे फोटो काढत बसला नसता.

आता इथे फोटोग्राफरच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. एक कॅमेरा गळ्यात असतो. दुसरा कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या अशी पाच-सहा किलोची बॅग उरते. ती पाठीवर घेऊन खुर्चीवर चढता येत नाही, माणसांच्या गर्दीत शिरता येत नाही. खोलीत ठेवून कुलूप लावावं म्हटलं, तर आमच्याकडे लग्नघरात कुलूप चालत नाही. कुणीतरी काका उठतोच, "काऊन बे, आमी का चोर हावो?" आणि त्या घरचं पुढचं लग्न दुसऱ्या फोटोग्राफरला जातं. म्हणून धंद्यातल्या लोकांनी फार पूर्वीच एक सोय शोधून ठेवली आहे. निवृत्तीच्या उस्तादानं त्याला फोकस शिकवायच्या आधी ती शिकवली होती. लग्नात गेला की आधी बाई पाहून ठेव.

ती बाई प्रत्येक लग्नात असते. नवरीची आत्या असते, नवरदेवाची काकू असते, कुणाची तरी मावशी असते, आणि तिचा नवरा गेलेला असतो. तिला मांडवात येऊ नको असं कुणी म्हणत नाही, तोंडं सगळ्यांची स्वच्छ असतात. तिला फक्त सांगतात, "तू खोलीतच बस माय, दागिने हायेत, रुखवत हाय, तुह्यावानी भरवशाचं कोन हाय?" मग ती बसते. हळद लागते, अक्षता पडतात, सप्तपदी होते, पंगती उठतात, ती जागची हलत नाही. तिच्या मांडीजवळ बॅग ठेवली की फोटोग्राफर निर्धास्त. कुलपापेक्षा ती भरवशाची, आणि तिला पाहून कुणाचा अपमानही होत नाही. ज्या निवृत्तीला जगातल्या निम्म्या गोष्टींची शिसारी येते, त्याला बावीस वर्षांत या एका गोष्टीची कधी आली नव्हती. उलट ती सोय त्याच्या फार उपयोगाची होती.

वैशाखात संग्रामपूरच्या शंकरराव दाभाड्यांच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न निघालं. शंकरराव संत्र्यांच्या बागांचे मालक, मोठं घर, मंगल कार्यालय दोन दिवसांसाठी घेतलेलं. निवृत्ती सकाळी पोहोचला आणि सवयीप्रमाणे आधी मागच्या खोलीत डोकावला. रुखवताच्या टेबलाशेजारी सतरंजीवर वच्छलाबाई बसल्या होत्या. शंकररावांची थोरली बहीण, अठ्ठावन्न-साठीची. चोविसाव्या वर्षी कुंकू पुसून भावाकडे आलेली, ती भावाचंच घर झाडत म्हातारी झालेली. प्रेरणाची आई शेताकडे बघायची आणि प्रेरणाला बघायची ती ही आत्या.

"मावशी, बॅग पाहजा हो," निवृत्ती म्हणाला.

"ठेव बाप्पा. मी कुठी चालली? मी इथंच हावो."

मुहूर्त बाराला आठ कमीचा होता, म्हणजे लग्न लागलं पाऊण वाजता. अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी राहिली, आणि निवृत्ती खुर्चीवर चढला. तेवढ्यात नवरीनं मान वर करून आजूबाजूला पाहिलं.

"आत्या कुठी हाय?"

कुणीतरी म्हणालं, आहे ना, खोलीत आहे, सामानाजवळ.

"बलवा तिले," प्रेरणा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आत्या आल्याबिगर मी माळ टाकत नाई."

शंकररावांचा चेहरा निवृत्तीला वरून स्पष्ट दिसला. पाहुण्यांसमोर हसावं की पोरीवर ओरडावं हे त्या चेहऱ्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी दोन मुली धावत गेल्या आणि वच्छलाबाईंना घेऊन आल्या. ठाण्यात बोलावलेलं माणूस येतं तशी ती बाई आली, पदर पुढे ओढून, दागिन्यांचा डबा काखेत घट्ट धरून. आणायला गेलेल्या मुलीही अक्षतांसाठी मांडवातच थांबल्या. बाई मागच्या खांबाला टेकून उभी राहिली. कुणीतरी तिच्या मुठीत तांदूळ कोंबले. मंगलाष्टकं झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि सगळ्यांचे हात खाली आल्यावर तिचा हात वर गेला. मांडवाच्या कापडातून ऊन तिच्यावर पडलं होतं. निवृत्तीनं बटण दाबलं ते सवयीनं.

पाव तासानं लेन्स बदलायला तो खोलीत गेला. दार उघडं, रुखवत जागेवर, सतरंजी जागेवर. बॅग नव्हती.

शोधाशोध झाली ती नेहमीसारखीच झाली. आधी भांडेवाल्यांच्या पोत्यांत हात घालून झाले, मग वाजंत्रीवाल्यांकडे डोळे वटारून झाले. दोघेही गरीब, म्हणून आधी ते. त्यांच्याकडे काही सापडलं नाही तेव्हा पंगतीत एक वेगळीच कुजबुज सुरू झाली. तिला मांडवात आणलं तेव्हाच आपल्याला वाटलं होतं, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, बॅगेवरच निभावलं म्हणायचं. शंकरराव निवृत्तीजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पोरीनं हट्ट केला, अन् पाह्य, तुह्यं नुकसान झालं."

जणू बॅग चोरानं नेली नव्हती, बाईच्या सावलीनं नेली होती. वच्छलाबाई खोलीतल्या त्याच सतरंजीवर जाऊन बसल्या होत्या आणि येईल त्याला एकच वाक्य सांगत होत्या, "मी उठाले नोको व्हतं." खरं सांगायचं तर त्या घटकेला निवृत्तीलाही त्या बाईचाच राग आला. त्याला आता ते आठवलं की तो दुसरीकडे बघतो.

ठाण्यात जाऊन त्यानं तक्रार दिली, मंगल कार्यालयाच्या खोलीतून बॅग चोरीस गेली अशी. जमादारानं सांगितलं तेवढं लिहून घेतलं. चोर सापडेल अशी आशा निवृत्तीला नव्हतीच, त्याची सगळी भिस्त विम्यावर होती. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा हंगाम, आणि एका कॅमेऱ्यावर, एका लेन्सवर आता कुणी लग्नाचं काम देत नाही. पार्टी सरळ खामगावहून माणसं बोलावते, ड्रोनवाली. तोवर सामान आलं नाही तर निवृत्तीला बसस्टँडसमोर बसून परीक्षेच्या फॉर्मांचे पासपोर्ट फोटो काढावे लागणार होते, आणि हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

निवृत्ती लक्ष्मीकांतांकडे गेला. त्यांनी कागद उघडले, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "खोलीला कुलूप होतं?"

"नव्हतं."

"असं म्हणायचं नसतं. होतं."

"नव्हतं साहेब. लगनात कोन कुलूप लावते?"

लक्ष्मीकांतांनी चौदाव्या पानावर बोट ठेवलं. या खेपेला बोट फिरलं नाही, एका जागी थांबलं. "खोलीतून चोरी झाली तर काहीतरी तुटलेलं दिसलं पाहिजे. कडी, कुलूप, दार. सामान उघडं टाकलं असेल तर मिळत नाही. दुसऱ्या कुणाच्या हवाली केलं असेल तरी मिळत नाही."

"तुमी तं म्हटलं व्हतं, सगळं येते."

"येतंच. कुलूप तुटलेलं असलं की सगळं येतं." मग ते थोडे पुढे झुकले. "तक्रारीत कुलपाबद्दल काही लिहिलेलं नाही, हे बरं झालं. पुरवणी जबाब देता येतो. फक्त एक फोटो लागेल. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तर धंदाच आहे."

निवृत्ती उठून बाहेर आला आणि रस्त्यावर थुंकला. पण त्या आठवड्यात त्याला जो भेटला त्यानं हेच सांगितलं. झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, शेजारच्या मोबाईलवाल्यानं सांगितलं, त्याच्या सख्ख्या साडूनं जेवता जेवता सांगितलं. पुष्पांजली शेवटी एका सकाळी चहा देताना म्हणाली, "फोडा ना एक कुलूप. सारेच फोडतात. आपुन काऊन भुके मरा?" बायको खोटं करायला सांगते आहे याचं त्याला वाईट वाटलं नाही. आपल्याला ते बरोबर वाटू लागलं आहे, याचं वाटलं.

तो हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि कुलूप मागितलं. दुकानदारानं दोन-तीन काढून ठेवली, मग निवृत्तीच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "इमासाठी का? मंग हे घ्या, लवकर तुटते." आणि ते सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. संग्रामपूरला कार्यालयाच्या राखणदारानं काही न विचारता खोली उघडून दिली आणि वर हातोडा आणून दिला. तीन घाव लागले. निवृत्तीनं तुटलेलं कुलूप कडीला लटकवलं, दार अर्धवट लोटलं, बाजूनं टॉर्चचा उजेड घेतला आणि फोटो काढला. मग सवयीनं पडद्यावर पाहिला. लोखंडावरचा ओरखडा न् ओरखडा उठून दिसत होता, मागे अंधारी खोली, पाहणाऱ्याला धस्स व्हावं असा. वर्षभरातला त्याचा सगळ्यात चांगला फोटो हाच होता. निवृत्तीनं कार्यालयाच्या नळावर दोनदा हात धुतले, तरी हाताचा लोखंडी वास जाईना. त्या दिवशी तो जेवला नाही.

दाव्यासोबत फोटो गेला आणि आठ दिवसांनी कंपनीचा माणूस पाहणीला आला. चिन्मय नाव, बोलणं पुण्याकडचं, वागणं सभ्य. कार्यालयाच्या त्याच खोलीत एक टेबल टाकलं. लक्ष्मीकांत होते, आणि यजमानाची साक्ष म्हणून शंकरराव आले होते, पांढरेशुभ्र कपडे घालून. चिन्मयनं फोटो पाहिला, "छान आलाय," म्हणाला, मग उठून खरी कडी पाहिली. कडीवरचा रंग जसाच्या तसा होता. तो परत बसला आणि त्यानं विचारलं, "किल्ली कोणाकडे होती?"

कुलपाचा विचार सगळ्या तालुक्यानं केला होता, किल्लीचा कुणी केला नव्हता. दुकानदारानं तारेत ओवून दिलेल्या दोन्ही किल्ल्या निवृत्तीच्या पँटच्या खिशात होत्या. बसल्या बसल्या त्या त्याच्या मांडीला टोचत होत्या.

"आमच्या बहिनीजवळ," शंकरराव म्हणाले. "वच्छलाजवळ. लिहा."

"चोरी झाली तेव्हा त्या कुठे होत्या?"

"खोलीतच. ती कार्यात खोलीतच राह्यते." हे शंकररावांनी जरा जोरात सांगितलं. बहीण मांडवात आली होती हे त्यांना कुठल्याही कागदावर नको होतं.

चिन्मयनं पेन थांबवलं. "म्हणजे त्या आत होत्या, किल्ली त्यांच्याकडे होती, आणि कुलूप बाहेरून तुटलं?"

"मध्ये थोडा वेळ उठल्या असतील," लक्ष्मीकांत घाईघाईनं म्हणाले. "वय झालंय. बाथरूमला वगैरे."

"हरकत नाही. मग पोलिसांना त्यांचा जबाब घ्यावा लागेल. ज्याच्याकडे किल्ली होती, चौकशी त्याच्यापासूनच सुरू होते."

निवृत्तीनं शंकररावांकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता हा माणूस थांबवेल. बहीण आहे, हिनं याची पोर वाढवली आहे. शंकररावांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "घ्या ना जबाब. तिले काय होते? दोन दिवस ठान्यात बसून यीन. घरी तरी कोनतं काम हाय तिले?"

बैलगाडी दोन दिवस उसनी द्यावी, तसं ते म्हणाले. एवढी वर्षं ज्या ज्या गोष्टींना निवृत्ती तोंड वाकडं करत आला होता, तो धूर, ते घास, ते गुडघे, त्या सगळ्या त्याला एकाएकी निर्मळ वाटल्या. आणि या ओंगळपणात त्याचा स्वतःचा हातोडा होता. या बाईला खोलीत बसवलं भावानं, पण तिच्या मांडीशी बॅग ठेवून ती खोलीतच राहील याची खात्री धरणारा तो होता. भावाला ती मांडवात नको होती, आणि यालाही नकोच होती.

त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. तार अजून सोडलेली नव्हती.

"कुलूप मीच घेतलं, मीच फोडलं. खोली उघडीच व्हती. बॅग मी त्या बाईपाशी ठेवली व्हती अन् ती बाई मांडवात व्हती." मग त्यानं मोबाईलवर लग्नातला तो फोटो उघडून चिन्मयसमोर धरला. खांबाला टेकलेली बाई, काखेत डबा, वर गेलेला हात, आणि हवेत तांदूळ. "हे पाहा. टायम पाहा खाली. बारा एकावन्न."

लक्ष्मीकांतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चिन्मयनं फोटो पाहिला आणि म्हणाला, "हे मी लिहिलं तर तुम्हाला काही मिळणार नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"हाव."

"दावा मागे घेतो एवढंच लिहून द्या. बाकी मी काही पाहिलं नाही."

निवृत्तीनं लिहून दिलं. लक्ष्मीकांत चिन्मयच्या गाडीत जाऊन बसले. शंकरराव मात्र थांबले होते. आपण नुकतंच काय बोललो याची त्यांच्या चेहऱ्यावर खूणही नव्हती. निवृत्तीला वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून हे आता चिडतील. पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

"तो फोटो," ते म्हणाले, "अल्बमात टाकू नोको. पोरीच्या सासरचे पाह्यतीन."

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. चार पार्ट्यांनी आधी बोलून ठेवलेलं काम काढून घेतलं. पुष्पांजली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं दुकानात निळा पडदा धुऊन टांगला, पासपोर्ट फोटोसाठी. त्या पडद्यासमोर मुलं येतात, मान ताठ करतात, दगडासारखा चेहरा करतात, निवृत्ती बटण दाबतो. पाच मिनिटांत आठ कॉप्या. यातही किळस यावी असं बरंच आहे, पण हल्ली तो ती बोलून दाखवत नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी वच्छलाबाई दुकानात आल्या. एकट्याच, संग्रामपूरच्या गाडीनं. दाराशी चप्पल काढून उभ्या राहिल्या. निवृत्तीनं खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"तुह्यं सामान भेटलं काय बाप्पा?"

"नाई मावशी."

"मी उठाले नोको व्हतं," त्या म्हणाल्या. सात महिन्यांनी, तेच वाक्य, त्याच आवाजात. तेवढंच सांगायला ती बाई एवढ्या लांबून आली होती. निवृत्तीनं खण उघडला आणि त्यात ठेवलेला फोटो बाहेर काढला. अल्बमात तो नव्हता. प्रेरणाला मोबाईलवर पाठवला होता, तिनं मागितला होता म्हणून. ही कागदावरची प्रत निवृत्तीनं कशासाठी काढली होती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

वच्छलाबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, मग जवळ आणला.

"हे मीच हावो का?"

"हाव."

"लईच म्हातारी झाली मी." मग पुन्हा पाहून, बोट न टेकवता दाखवत, "हे काय हाय वर? पांढरं?"

"अक्षता हायेत. तुमच्या हातातल्या. मांडवात तेवढ्याच उडून राह्यल्या व्हत्या, बाकीच्यायच्या पडून गेल्या व्हत्या."

बाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी फोटो त्याच्याकडे सरकवला. "फाडून टाक हा. कोनी पाह्यला तं पोरीले बोल लागन. आदीच तुह्यं एवढं नुकसान केलं मी."

"मी नाई फाडत," निवृत्ती म्हणाला. "तुमचा हाय. फाडाचा तं तुमी फाडा."

वच्छलाबाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला. अंगठे कडेवर आले. निवृत्तीनं नजर वळवून बाहेर स्टँडवर लागलेल्या गाडीकडे पाहिलं, उगाचच, पाटी वाचत. फाटल्याचा आवाज आला नाही. त्यानं मान वळवली तेव्हा बाई पिशवीतून आधारकार्डाचं प्लास्टिकचं पाकीट काढत होत्या. कार्डाच्या मागे त्यांनी फोटो सरकवला, पाकीट पिशवीत ठेवलं, आणि पिशवी मांडीवर घेतली.

"घरी जाऊन फाडीन," त्या म्हणाल्या. "संग्रामपूरची गाडी कितीक वाजता हाय रे?"

गाडीला अजून अर्धा तास होता. निवृत्तीनं तसं सांगितलं, मग एका पोराचे पासपोर्ट फोटो कापायला बसला. बाई त्याच खुर्चीवर बसून राहिल्या. त्या अर्ध्या तासात त्यांनी ती पिशवी तीनदा उघडली.